पुढच्या माणसाचा हात

महाबळेश्वर सोडून रस्ता पोलादपूरकडे उतरायला लागतो, तिथे संयोजकांनी शर्यत थांबवून धरली होती. धुकं इतकं होतं की पुढे उभ्या असलेल्या जीपचा लाल दिवा दिसत होता, जीप दिसत नव्हती. सकाळी वाईहून निघून पसरणीचा घाट चढून आलेले आम्ही चाळीसेक जण रस्त्याच्या कडेला सायकली मांडीला टेकवून उभे होतो. अंगावरचा घाम गार पडत चालला होता. आमच्या संघाचे व्यवस्थापक रंगराव तात्या जुनी वर्तमानपत्रं वाटत फिरत होते. उतारावर वारा छातीत भरू नये म्हणून बनियनच्या आत कागद घालायचा, ही आम्हा शर्यतवाल्यांची जुनी रीत. मी माझा कागद आत घालण्याआधी सवयीने वाचायला लागलो, तर आमचा शंकर ऐवळे म्हणाला, "पोथी, पारायण खाली गेल्यावर कर."

एरवी यावर आजूबाजूचे चार-पाच जण तरी हसले असते. मला सगळे पोथीच म्हणत. मी आमच्या साखर कारखान्याचं कामगार वाचनालय सांभाळायचो आणि शर्यतीलासुद्धा पिशवीत एखादं पुस्तक घेऊन यायचो. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. आमच्या संघाशी त्या दिवशी कोणी बोलतच नव्हतं.

साल अठ्ठ्याहत्तर, दसऱ्यानंतरचे दिवस. शर्यत चार दिवसांची होती आणि हा तिसरा दिवस. आमचा म्होरक्या म्हणजे भूपाल मगदूम, ज्यांना सगळेच अण्णा म्हणत. मिरजेजवळच्या एका खेड्यातले, छत्तीस-सदतीस वर्षांचे, पायांच्या पोटऱ्या ऊस पिळायच्या चरकाच्या रुळांसारख्या. इतकी वर्षं ही शर्यत खेळूनही त्यांनी ती कधी जिंकली नव्हती. या खेपेला दोन दिवसांचा एकूण वेळ त्यांचाच सगळ्यात कमी होता आणि पहिल्या नंबरच्या माणसाला मिळते ती केशरी बनियन पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर आली होती. आम्ही बाकीचे त्यांच्या मदतीला. अण्णांसाठी वारा कापायचा, त्यांना पाण्याची बाटली आणून द्यायची, त्यांचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं आणि स्वतः रस्त्यात जीपची वाट बघत बसायचं. मी हे काम बऱ्यापैकी करत असे, असं तात्या म्हणत. मला स्वतःला त्याची कधी खात्री वाटली नाही.

कोणी बोलत का नव्हतं, ते आता सांगतो.

सायकलींचा घोळका चाकाला चाक लावून चालतो. मागच्याला रस्ता दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसते. म्हणून जो सर्वांत पुढे असेल त्याने हात करायचा. खड्डा डावीकडे असला की डावा हात खाली, उजवीकडे असला की उजवा. खडी पसरलेली असली की तळवा हलवायचा. तो बघून त्याच्या मागचा हात करतो, मग त्याच्या मागचा, असा तो इशारा शेवटच्या माणसापर्यंत जातो. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता, पण तो मोडणाऱ्याला घोळक्यात जागा नसे. एकमेकांच्या उरावर बसणारे वैरीसुद्धा एकमेकांना खड्डा दाखवत. अण्णांचा हात मात्र गेली दोन वर्षं उठेनासा झाला होता. लोक म्हणत, मगदूमला आता कमीपणा वाटतो.

आदल्या दिवशी लोणंदच्या अलीकडे अण्णा घोळक्याच्या तोंडाशी होते. एका मोरीची कड खचलेली होती. अण्णांचं चाक तिच्या अगदी शेजारून गेलं, हात उठला नाही, आणि त्यांच्या मागचा गुरुनाथ भिलारे चाकासकट त्या खळग्यात गेला. त्याचा जबडा मोडला. गुरुनाथ पुण्याच्या एका क्लबाचा, आणि त्या क्लबाचा म्होरक्या दिलीप थोपटे. अण्णांच्या खालोखाल दुसरा नंबर त्याचाच होता. संध्याकाळी वाईच्या शाळेत, जिथे आम्ही सगळे उतरलो होतो, थोपटे आमच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"अण्णा, हात करायला काय जात होतं तुमचं?"

अण्णा पायांना तेल चोळत होते. वर न बघता म्हणाले, "दिसला न्हाई मला."

"तुमच्या चाकापासून वीतभर होता."

"दिसला न्हाई."

थोपटे आवाज चढवणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "ठीक आहे. उद्यापासून आम्हालाही काही दिसणार नाही."

आणि तसंच झालं. पाचगणीपासून इथपर्यंतच्या सपाटीवर घोळक्यातला एकही हात आमच्यासाठी उठला नाही. पुढचे लोक ऐन वेळी खड्डा चुकवायचे आणि आमच्या चाकांखाली तो एकदम उघडा पडायचा. मी अण्णांच्या पुढे राहून जमेल तसा हात करत होतो. दोनदा मीच खड्ड्यात गेलो.

अशी स्थिती असताना आता समोर अंबेनळीचा उतार होता, आणि तो धुक्यात बुडालेला होता. संयोजकांनी सांगितलं की मोटारींचा धोका नको, म्हणून सगळ्या जीपगाड्या शेवटच्या सायकलस्वाराच्या बऱ्याच मागून सोडतील. म्हणजे घाटात काही झालं तर मागून मदतीला लगेच कोणी येणार नव्हतं.

आमच्या संघात उतारावरचा वाघ म्हणजे शंकर. तो ब्रेकला हात न लावता अर्धा घाट उतरायचा आणि खाली येऊन शिट्टी वाजवायचा. घाटात अण्णांच्या पुढे तोच राहणार, हे मी धरून चाललो होतो. मी नेहमीप्रमाणे सर्वांच्या मागे राहणार होतो. आदल्या वर्षी खंबाटकीच्या उतारावर पडून माझ्या खांद्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून उतार आला की माझी बोटं ब्रेकवरून निघत नसत.

अण्णा म्हणाले, "तात्या, शंकरला थोपट्याच्या मागावर सोडा. माझ्या पुढं वामन."

वामन म्हणजे मी. शंकर माझ्याकडे बघायला लागला, मी तात्यांकडे. तात्यांनी हातातले कागद काखेत मारले.

"अण्णा, ह्याच्या ब्रेकची रबरं मला दर आठवड्याला बदलाय लागत्यात. उतारावर ह्याच्यापेक्षा म्हशी बऱ्या."

"म्हायीत हाय. वामन पुढं."

तात्यांनी त्यांना बरंच समजावून पाहिलं. थोपटे निसटेल, बनियन जाईल, वर्षाची मेहनत मातीत जाईल, असं सगळं सांगून झालं. अण्णा आपल्या ब्रेकच्या तारा ओढून बघत राहिले. मी त्यांना जरा बाजूला घेतलं. इतरांच्या देखत बोलायची मला लाज वाटत होती.

"अण्णा, मला जमणार नाही. मला भीती वाटते."

"किती?"

असा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी खरं तेच सांगितलं. "आत्ता उभा आहे तरी पाय थरथरतायत."

हवं ते उत्तर मिळाल्यासारखी त्यांनी मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक कर. गप बसू नको. पुढं जे जे दिसंल ते मोठ्यानं बोल. वळण डावं का उजवं, कठडा कुठं, खडी कुठं. वाचनालयात पेपर वाचून दावतोस न्हवं म्हाताऱ्यांना, तसं वाच."

मला वाटलं, माझी भीती घालवायला त्यांनी ही युक्ती काढली. बोलत राहिला की माणूस घाबरत नाही, असं काहीतरी. त्यांच्या त्या चांगुलपणाने मला आणखीच अपराधी वाटलं.

शिट्टी झाली. थोपटे आणि त्याची माणसं पहिल्याच वळणावर धुक्यात शिरली आणि पुसली गेली. त्यांच्या मागे शंकर. मग भराभर सगळे आमच्या बाजूने निघून गेले. जाताना कोणी बघितलं नाही. थोड्याच वेळात त्या घाटात माझ्या पुढे कोणी नव्हतं आणि माझ्या मागे फक्त अण्णा होते.

अंबेनळीत रस्ता एकदा डोंगराच्या कुशीला लागतो आणि एकदा दरीच्या कडेला. वळणागणिक बाजू बदलते. दरीच्या बाजूला चुना फासलेले दगड ओळीने लावलेले, मधूनच एखादा पडलेला. त्या पडलेल्या दगडाच्या जागी नुसतं पांढरं. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि सारखा तिकडेच बघत होतो. चाकांच्या रिमा ओल्या झाल्यामुळे ब्रेक दाबला तरी तो आधी काही करत नसे, मग एकदम धरत असे. त्या मधल्या क्षणात माझ्या तोंडात तांब्याची चव यायची.

"डावं," मी ओरडलो. "डावं, मोठं. कठडा उजवीकडं. सरळ. सरळ. खडी, मधे खडी, डावीकडून चला. आता उजवं."

माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता. मागून अण्णांचं चाक माझ्या चाकाच्या इतकं जवळ होतं की मी ब्रेक दाबला की त्यांच्या ब्रेकचं रबर माझ्या कानाशी किंचाळायचं. मला कळेना, इतक्या ओल्या उतारावर शहाण्या माणसाने चार हात लांब राहावं. शिवाय मी बैलगाडीच्या वेगाने चाललो होतो आणि ते मला एकदाही 'हाण' म्हणत नव्हते. थोपटे पुढे निघून गेला होता. बनियन मिनिटामिनिटाला हातातून चालली होती. आणि अण्णा फक्त एवढंच म्हणत होते, "बोल. बोलत ऱ्हा."

एका लांबलचक उजव्या वळणाच्या पोटात धुक्यातून दोन पिवळे डोळे उगवले. एसटी होती, वर चढत येणारी, अर्ध्याहून जास्त रस्ता घेऊन. मी हँडल डावीकडे फिरवलं, बसच्या आणि कठड्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून कसाबसा निसटलो, बसचा ओला पत्रा माझ्या कोपराला घासून गेला. या सगळ्यात मी एक शब्दही बोललो नाही.

मागून लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला.

बस पुढे निघून गेली होती. ड्रायव्हरला काही कळलंही नसावं. मी सायकल टाकून मागे धावलो. अण्णा रस्त्याच्या कडेला, एक दगड पडून मोकळ्या झालेल्या जागेत बसले होते. कोपर फुटलं होतं, बाकी धड दिसत होते. सायकल त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशी आडवी पडली होती. आणि ते डावीकडच्या गवतात हात फिरवून काहीतरी शोधत होते. हाताला काही लागेना म्हणून ते बसल्या बसल्या मागे सरकले. त्यांच्या मागे गवताची एक पट्टी होती आणि तिच्या मागे काही नव्हतं.

"अण्णा, हलू नका."

ते थांबले. चेहरा माझ्याकडे वळला, पण माझ्या जरा बाजूला.

"वामन," ते म्हणाले, "दरी कुठल्या अंगाला हाय?"

मी अजूनही कधी कधी त्या वाक्यापाशी येऊन थांबतो. पंच्याहत्तरी उलटली, वाचलेली पुस्तकं विसरायला लागलो, पण ते वाक्य विसरलेलो नाही. मी हळूहळू पुढे गेलो, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना रस्त्याच्या मध्यावर ओढून आणलं. मग आम्ही दोघंही डोंगराच्या बाजूच्या ओल्या गटारात पाय सोडून बसलो.

त्यांनी सांगितलं ते थोडकंच होतं. उन्हात समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. खालचं नाही, बाजूचं नाही. अंधारून आलं, धुकं पडलं की तेवढंही जातं. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की औषध नाही. त्यांच्या मामांचंही असंच झालं होतं, ते चाळिशीत काठी घेऊन फिरायचे. कालची मोरी त्यांना खरोखरच दिसली नव्हती.

"मग शंकरला का नाही घेतलंत पुढे?"

"शंकर उतारावर मजा घेतोय. मजा घेणाऱ्याला रस्ता दिसत न्हाई. तू भितोस. तुला खडा न् खडा दिसतोय." त्यांनी कोपरावरचं रक्त बनियनला पुसलं. "आन् तू सांगितल्यालं करतोस. बोल म्हटलं तर बोललास."

"बसच्या वेळी नाही बोललो."

"व्हय. तवा न्हाई बोललास."

मी म्हणालो, इथेच थांबू, तात्यांची जीप येईल, तिच्यात बसून खाली जाऊ. त्यांनी ऐकलं नाही. मगदूम घाटात जीपमध्ये का बसला, हे सगळ्या शर्यतीला कळेल, आणि एकदा कळलं की संपलं. मी पुढे राहिलो नाही तर ते एकटे उतरणार होते. हे ते धमकी म्हणून बोलत नव्हते. त्यांनी चाचपून सायकल उभी केली, हँडल सरळ आहे का ते दोन्ही हातांनी बघितलं आणि पायडलवर पाय ठेवून वाट बघत राहिले.

मी पुढे झालो. दुसरं काय करायचं, हे मला सुचलं नाही.

तिथून पुढचा उतार पहिल्यापेक्षा वाईट होता. आधी मी माझ्या भीतीने ओरडत होतो. आता मला माहीत होतं की मी जे बोलीन तोच त्यांचा रस्ता आहे. मी गिळायला थांबलो तर तेवढा रस्ता त्यांच्यासाठी नाहीसा होणार. मी न थांबता बोलत राहिलो. घसा सोलवटला. कठडा, ओघळ, शेण, झाडाची फांदी, मैलाचा दगड, पुन्हा कठडा. एका वळणावर मी उजवं म्हणायचं ते घाईत डावं म्हणालो. लगेच दुरुस्त केलं, पण मागच्या चाकाचा आवाज तेवढ्यात बाजूला गेला होता. त्यांचं पायडल कठड्याच्या दगडाला घासलं, ते खरवडणं मला ऐकू आलं. मागे बघायची माझी छाती झाली नाही.

"अण्णा?"

"हाय," मागून आवाज आला. "पुढचं सांग."

त्यांच्या आवाजात कंप होता. ते घाबरलेले मी त्याआधी कधी बघितले नव्हते, आणि तेव्हाही बघितले नाहीत, फक्त ऐकले.

वाडा कुंभरोशीच्या खाली धुकं अचानक संपलं. उंबरा ओलांडून घरातून अंगणात यावं तसं ऊन लागलं. खाली सगळी दरी हिरवी, आणि लांबवर वळणावर रंगीत बनियनींचा घोळका दिसत होता, पंधरा-वीस जण. थोपटे त्यांच्यात असणार. मला वाटलं होतं त्याहून ते फारच जवळ होते. धुक्यात तेही आमच्यासारखेच चाचपत उतरले असावेत.

मी अजून सुटकेचा श्वास घेतच होतो, एवढ्यात अण्णा माझ्या शेजारून पुढे गेले. पाठ वाकवून, पूर्ण ताकदीने. त्यांना आता समोरचं दिसत होतं. पुढचा रस्ता सोपा होता, ते तो घोळका पोलादपूरच्या आत गाठू शकत होते, आणि तो गाठला की केशरी बनियन त्यांचीच राहणार होती. त्यांच्यासाठी मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र त्यांच्या पाठीकडे बघून दरीकडे बघताना वाटली होती तशी भीती वाटली. घोळक्यात शिरल्यावर कधीतरी ते पुढे येणार. मागचे पंधरा-वीस जण त्यांच्या पाठीवर विसंबून चालणार. उद्या वरंध्यात, पुढच्या शर्यतीत आणखी कुठे.

मी त्यांना गाठलं. सबंध आयुष्यात एकदाच मी भूपाल मगदूमना गाठलं, तेही ते नुकतेच पडले होते म्हणून असेल.

"अण्णा, घोळक्यात जाऊ नका."

"बाजूला हो."

"गुरुनाथचा जबडा..."

"त्याचं नाव घेऊ नको."

"तुम्ही घोळक्यात शिरलात तर मी ओरडून सांगेन. सगळ्यांना सांगेन."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मान बरीच वळवावी लागली, मी त्यांच्या नळीत येईपर्यंत. ते म्हणाले, "तू ओरडणार? तुला चहात साखर कमी पडली तर मागता येत न्हाई."

"वरपासून ओरडतोच आहे, अण्णा."

माझा आवाज फाटला होता, ते वाक्य कसंबसं बाहेर पडलं. ते आणखी एक वळण त्याच वेगाने गेले. पुढचा घोळका आता इतका जवळ होता की पाठीवरचे नंबर वाचता येत होते. मी मनात म्हणत होतो की यांनी ऐकलं नाही तर आपल्याला खरंच ओरडता येईल का. त्याचं उत्तर मला आजही माहीत नाही. कारण अण्णांनी पायडल मारणं थांबवलं. त्यांची सायकल नुसती उतारावर गडगडत राहिली, मी पुढे गेलो, आणि ते माझ्या चाकामागे येऊन लागले.

महाडपर्यंत आम्ही तसेच गेलो. भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर, मी एका माणसासाठी प्रत्येक खड्ड्याला हात करत होतो. घाटात चाक फुटून मागे राहिलेल्या चुकार स्वारांनीही आम्हाला ओलांडलं. जाताना त्यांतला एक जण खो-खो हसला. मग तात्यांची जीप आली. तात्यांनी खिडकीतून अण्णांना काय काय विचारलं, अण्णांनी फक्त हात हलवला.

महाडला शाळेच्या मैदानात शेवट होता. आम्ही पोचलो तेव्हा केशरी बनियन थोपटेच्या अंगात चढवून झाली होती. खेळाडू संत्री खात, पायांवर पाणी ओतत बसले होते. आदल्या दिवशी जखमी झालेला गुरुनाथही तिथेच होता, जबडा बांधलेला, क्लबाच्या गाडीतून सगळीकडे येत होता. एका बाकावर सावलीत बसला होता.

अण्णांनी सायकल माझ्या हातात दिली नाही, भिंतीला टेकवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुरुनाथ कुठं हाय तिकडं चल." लोकांना वाटलं असेल, म्हातारा दमला. बोलणं हळूहळू थांबत गेलं. आमच्याकडे बघायचं नाही असं ठरवलेले सगळे बघायला लागले.

अण्णा गुरुनाथच्या समोर उभे राहिले, त्यांना तो नीट दिसेल असे. त्यांनी आवाज लहान ठेवला नाही.

"काल खड्डा मला दिसला न्हाई म्हणालो. ते खरं होतं. पण सगळं सांगितलं न्हाई. मला समोरचं सोडून काहीच दिसत न्हाई. दोन वर्षं झाली. तरी तुमच्या पुढं चालवत होतो."

गुरुनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला बोलता येत नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, बनियन गेली म्हणून आता डोळे गेले वाटतं. दोघे-तिघे हसले. इतका वेळ अवघडलेला मी अण्णांनी खांद्यावरचा हात काढल्यावर लोकांच्या नजरा टाळण्यासाठी हळूच बाजूला, बाकाच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो.

थोपटे हसला नव्हता. तो अण्णांच्या डाव्या अंगाला, थोडा लांब उभा होता. त्याने हातातलं न सोललेलं संत्रं एकदा वर उडवून झेललं आणि काही न बोलता अण्णांच्या दिशेने अलगद टाकलं. झेलता येईल असंच टाकलं होतं, कोणीही झेललं असतं. ते हवेतून गेलं, आणि अण्णांचा चेहरा तसाच गुरुनाथकडे राहिला. संत्रं त्यांच्या कानावर आपटलं.

अण्णा दचकून मागे सरले. दोन्ही हात तोंडासमोर आले. "कोण हाय?"

संत्रं गडगडत जाऊन कोणाच्या तरी बुटाला लागलं. थोपटेच्या तोंडावरचा रंग उतरलेला मला दिसला. तो चालत आला, अण्णांच्या अगदी समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी थोपटे."

"हां."

मग त्याने विचारलं, "धुक्यात काही दिसत नव्हतं तर अंबेनळी उतरलात कसे?"

"ह्यानं आणलं मला," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी हात केला.

हात सरळ लांब केलेला होता, बोट ताठ. पण मी तिथे नव्हतो. त्यांनी मला सोडलं होतं त्या जागेकडे तो हात होता, आणि तिथे आता नुसती शाळेची भिंत होती. सगळ्यांनी त्या भिंतीकडे बघितलं. कोणी हसलं नाही. कोणी त्यांना सांगितलंही नाही.

मी बाकाच्या मागून निघालो, पायांचा आवाज होऊ न देता भिंतीपाशी गेलो आणि त्या हातासमोर उभा राहिलो.